उत्पादनातून बायकांना काळजीपोटी बाहेर काढलं जातं, त्याबद्दल

सांजपाळी

प्रेस शॉपमधे, म्हणजे पत्रा कापण्या-वाकवण्याच्या विभागात, शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागले आणि आज एका प्लांटचं सगळं उत्पादन माझ्याकडे आहे. मधला प्रवास लिहा, असं इथल्या दोघीतिघींनी सांगितलं होतं, म्हणून हा धागा. मेहनत, चिकाटी, आत्मविश्वास यांवर लिहिणार नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. माझ्या बरोबरीच्या हुशार मुलींच्या बाबतीत ती पुन्हापुन्हा घडताना पाहिली आणि आजही पाहते आहे. त्यांना उत्पादनातून हलवलं जातं, आणि हलवणारी माणसं वाईट नसतात.

होतं असं. मुलगी लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनात, दोनतीन वर्षं काढते, काम चांगलं करते. मग साहेब बोलावून म्हणतात, "क्वालिटीत जागा आहे, जनरल शिफ्ट आहे, तुझ्यासाठी बरं पडेल." (जनरल शिफ्ट म्हणजे फक्त दिवसाची पाळी.) किंवा ट्रेनिंग, किंवा ऑडिटची कागदपत्रं. पगार तोच, कधीकधी हुद्दाही वरचा. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तिलाही वाटतं, चला, आपली कुणाला तरी काळजी आहे. आणि ती असतेच.

पुढे दहाएक वर्षांनी प्लांट हेडची जागा निघते. तेव्हा विचारतात, हाताखाली किती माणसं होती? लाइन बंद पडली तेव्हा निर्णय कुणाचा होता? युनियनशी बोलणी कुणी केली? स्क्रॅप (वाया जाणारा माल) वाढलं तेव्हा उत्तर कुणी दिलं? तिच्याकडे यातलं काहीच नसतं. त्या खोलीत तिच्याशी कुणीही भेदभाव करत नाही. प्रश्न रास्त असतात आणि जागा रास्तपणे दुसऱ्याला मिळते. तिची संधी गेली ती त्या दिवशी नाही, जनरल शिफ्ट मिळाली त्या दिवशी. म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि तक्रार करायलाही काही हाताला लागत नाही.

तिरस्कार करणारे मलाही भेटले. त्यांच्याशी लढणं त्या मानाने सोपं, कारण समोरचा विरोधात आहे हे दिसत असतं. काळजी करणाऱ्याला नाही म्हणणं फार अवघड.

जनरल शिफ्ट घेतली की रात्रपाळी सुटते. त्या रात्रपाळीवर मी इतकी का अडून बसते ते सांगते. दिवसा प्लांटमधे मेंटेनन्सचे साहेब असतात, टूलरूम भरलेली असते, प्लॅनिंग असतं. काही बिघडलं की तुमचं काम कळवणं एवढंच. रात्री त्यातलं जवळपास कुणी नसतं, निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. एक रात्र मला अजून लख्ख आठवते. प्रेसवर डाय (साचा; त्यातला कापणारा भाग म्हणजे पंच) चढवलेली होती. दोन मिलिमीटर पत्र्यातून ब्रॅकेटचे ब्लँक, म्हणजे कापलेले सपाट तुकडे, निघत होते आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेवर राहणारी धारदार कोर, वाढत चालली होती. आम्ही जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत बर चालवून घ्यायचो, म्हणजे ०.२ मिलिमीटर. मायक्रोमीटर लावला तर एका कडेला त्याच्या वर गेलेली. सकाळी गाडी जायची होती. सुपरवायझर म्हणाले, "चालू द्या मॅडम, पुढे घासून घेऊ." प्रेसवरचे ऑपरेटर काका काही बोलत नव्हते. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "आवाज बदललाय. पंच एका अंगानं खातोय." मी प्रेस थांबवला, डाय उतरवली. टूलरूममधे रात्री एकच माणूस. त्याने पंच ग्राइंड केला, घासल्यामुळे उंची कमी झाली म्हणून खाली शिम (पातळ पट्ट्या) टाकल्या, क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, चारही बाजूंनी बघून घेतला, मग डाय पुन्हा चढवली. गाडी उशिरा गेली. सकाळच्या मीटिंगमधे उशीर का झाला हे मला माझ्या नावावर सांगावं लागलं, आणि मी सांगितलं. कुणी पाठ थोपटली नाही. पण त्यानंतर रात्री काही अडलं की तेच सुपरवायझर आधी मला फोन करायला लागले.

अशा रात्रींमधूनच अधिकार तयार होतो, हुद्द्याच्या पत्राने तो येत नाही. आणि या रात्री बायकांना बराच काळ कायद्यानेच बंद होत्या. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६प्रमाणे बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कारखान्यात काम करता यायचं. राज्य सरकार त्यात थोडं इकडेतिकडे करू शकायचं, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ त्या सवलतीत बसत नव्हती. डिसेंबर २०००मधे मद्रास उच्च न्यायालयाने ही मनाई घटनेच्या विरोधात आहे असा निकाल दिला. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आता बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीला परवानगी आहे. कायदा बदलला, पण शिफ्ट लावणाऱ्या पिढीची घडण जुन्या कायद्यात झाली आहे. त्यांना बाईला रात्री बोलावणं अजून नियमाबाहेरचं वाटतं.

मलाही क्वालिटीत जायचा प्रस्ताव आला होता. मी गेले, कारण रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या मालाचा, अभ्यास मला हवाच होता. पण जाण्याआधी साहेबांना मेल लिहिला: किती काळासाठी जाते आहे आणि परत उत्पादनात कुठल्या जबाबदारीवर येणार. त्यांनी त्यावर "ठीक आहे" एवढंच उत्तर दिलं. पुढे साहेब बदलले, नव्या साहेबांना या बोलण्याची कल्पना नव्हती, तेव्हा त्या दोन शब्दांनीच मला परत लाइनवर आणलं.

तुमचे अनुभव लिहा. विरोधातलेही लिहा.

कोवळी_पालवी

ताई, वाचून हातपाय गार पडले. मला अगदी हाच प्रस्ताव आला आहे, याच आठवड्यात. मी मशीन शॉपला आहे, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) लाइन बघते. साहेब खरंच चांगले आहेत, शिकवतात, त्यांच्या मनात काही वाकडं नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, देवच पावला. आता नाही म्हटलं तर "सहकार्य करत नाही" असा शिक्का बसेल आणि हो म्हटलं तर तुम्ही लिहिलंय तसं. नक्की काय बोलू? शब्द सांगाल का?

सांजपाळी

@कोवळी_पालवी, "मला नको" असं म्हणू नकोस. त्यांनी तुझा विचार केला आहे, आधी त्याबद्दल आभार मान. मग सरळ सांग: "सर, मला पुढे प्लांट चालवायचा आहे. त्यासाठी मला आणखी लाइनचा अनुभव लागेल. क्वालिटीत गेले तर परत कधी आणि कशावर येईन, ते आपण आत्ताच ठरवूया का?"

बऱ्याच साहेबांनी हे वाक्य कुठल्याच मुलीच्या तोंडून ऐकलेलं नसतं. मुलगा लागला की त्याला पुढे प्लांट हेड व्हायचं असणार, हे गृहीत असतं. मुलीच्या बाबतीत ते गृहीत नसतं, म्हणून आपल्याला ते मोठ्याने बोलावं लागतं. एकदाच नाही, प्रत्येक मूल्यमापनाच्या वेळी. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाक, "आज बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून.

ग्रीसगन

मी मेंटेनन्सचा माणूस, वीस वर्षांहून जास्त काळ कारखान्यात. शिफ्ट लावताना खोलीत काय चालतं ते सांगतो. "बाई आहे, तिला जमणार नाही" असं आता कुणी म्हणत नाही. चर्चा असते ती गाडीची. रात्री अकराला सोडणार कोण, सिक्युरिटीला कळवलंय का, तिथं अख्ख्या शिफ्टमधे ती एकटीच आहे, काही झालं तर सही माझी आहे. मग कुणीतरी म्हणतो, पहिल्या पाळीतच ठेवा, आणि विषय मिटतो. दोन मिनिटांचं काम. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आमच्या शॉपमधे यावर तोडगा निघाला तो असा, की एकीला एकटीने रात्रपाळी लावायचीच नाही, दोघी किंवा तिघी एका पाळीत. गाडीची सोयही मग तिघींसाठी असते, त्यामुळे एकीवर उपकार केल्यासारखं होत नाही. पण त्यासाठी आधी दोघीतिघी भरती व्हायला हव्यात. गाडं तिथंच अडतं.

सांजपाळी

@ग्रीसगन दादा, फार मोलाचं लिहिलंत. या एकटेपणावर रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७७मधेच लिहून ठेवलं आहे. गटात एखाद्या प्रकारची माणसं १५ टक्क्यांपर्यंतच असली, की ती माणसं म्हणून दिसत नाहीत, नमुना म्हणून दिसतात. त्यांच्यावर नजर जास्त असते, त्यांच्यातला वेगळेपणा मोठा करून पाहिला जातो, आणि लोकांच्या डोक्यात बाईचं जे ठरलेलं चित्र असतं त्यात त्यांना बसवलं जातं. कुणाची आई, कुणाची बहीण, नाहीतर खाष्ट बाई.

हे वाचलं तेव्हा माझ्या बऱ्याच वर्षांचा अर्थ लागला. माझ्या शिफ्टला स्क्रॅप वाढलं की "बाईच्या शिफ्टला वाढलं" म्हणायचे. शेजारच्या शिफ्टला वाढलं की स्टीलची कॉइल खराब असायची. आणि माझी शिफ्ट चांगली गेली की त्यातून सगळ्या बायकांना उत्पादन जमतं असा निष्कर्ष मात्र कुणी काढत नसे.

खाणवाट

सांजपाळी, कारखान्यात निदान जागा बदलली जाते. आमच्या खाणींमधे दारच बंद होतं. १९५२च्या खाण कायद्याच्या कलम ४६मुळे बाईला जमिनीखाली काम करायला बंदी. आता याचा नेतृत्वाशी संबंध बघा. खाणीचा मॅनेजर व्हायला सक्षमता प्रमाणपत्र लागतं, खाण सुरक्षा महासंचालनालयाचं. भूमिगत खाण चालवायची तर त्यासाठी भूमिगत कामाचा अनुभव लागतो. खाली उतरूच दिलं नाही तर अनुभव कुठून आणणार? म्हणजे खाण अभियांत्रिकीची पदवी हातात असून बाई प्लॅनिंग किंवा डिझाइनच्या टेबलावर. बंदी मजूर बायकांच्या संरक्षणासाठी होती, ती मॅनेजर होण्याच्या वाटेवरही तशीच लागू झाली.

२०१९च्या सुरुवातीला केंद्राने अधिसूचना काढून सूट दिली. जमिनीखाली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, लेखी संमतीने, आणि एका पाळीत किमान तिघी. उघड्या खाणीत रात्रपाळीलाही, पुन्हा किमान तिघी. ग्रीसगन यांनी जो तोडगा सांगितला तो आमच्याकडे त्या अधिसूचनेतच आला. पण त्याची दुसरी बाजू अशी, की एखाद्या खाणीत दोघीच असल्या तर त्यांचं काय? संख्या कमी म्हणून संधी नाही, आणि संधी नाही म्हणून संख्या कमी.

ताळेबंद

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी अवजड उद्योगात वित्त विभाग सांभाळते आणि "लाइनवर नसाल तर वर जाणार नाही" हे ऐकून कंटाळले आहे. सोमा मंडल १ जानेवारी २०२१ला स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. त्याआधी त्या तिथेच वाणिज्य विभागाच्या संचालक होत्या. पोलादाच्या कंपनीत भट्टीवरून न येताही शिखर गाठता येतं.

आणि दुसरं. रात्रपाळी हीच नेतृत्वाची परीक्षा, हे ठरवलं कुणी? ज्यांच्या घरी लहान मूल, आजारी सासूबाई सांभाळायला दुसरं कुणीतरी होतं, त्या पुरुषांनी. तुम्ही मुलींना त्याच साच्यात बसायला सांगताय. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, तिचं बाळ दहा महिन्यांचं. तिला जनरल शिफ्ट हवीच आहे. ती मागते म्हणून ती कमी महत्त्वाकांक्षी ठरत नाही. तुमचा लेख वाचून तिला अपराधी वाटेल, हे मला खटकलं.

घणघण

+१ ताळेबंद.

सांजपाळी

@ताळेबंद, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून नीट उत्तर देते.

त्या मुलीने स्वतः जनरल शिफ्ट मागितली, तर तो तिचा निर्णय आणि तो तिला मिळायलाच हवा. माझा राग न मागता दिलेल्या शिफ्टवर आहे. आणि बाळ दहा महिन्यांचं आहे तोवर दिलेली सोय बाळ दहावीला जाईपर्यंत तशीच राहते, त्यावर आहे. सोय द्या, पण तिला मुदत असू द्या आणि परतीची वाट आधी ठरवा. पुरुषाला वडिलांच्या आजारपणात सहा महिने पहिली पाळी दिली, तर सातव्या महिन्यात त्याला कुणीतरी विचारतं, आता येतोस ना? बाईला विचारत नाहीत.

सोमा मंडल यांचं उदाहरण बरोबर आहे, पण वाणिज्य विभाग म्हणजे कंपनीची विक्री. आकडा तिथेही आपल्या नावावर असतो. माझा मुद्दा भट्टीचा नाही, नावावर असलेल्या आकड्याचा आहे. तुमच्या वित्त विभागातही तो असतोच. तो नसतो अशा खुर्च्या वेगळ्या, आणि तिथे बायका भरपूर दिसतात.

जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांचा प्रवास मला यासाठी बघण्यासारखा वाटतो. १९८०मधे अठराव्या वर्षी त्या शिकता शिकता कंपनीत लागल्या, पुढे एका असेंब्ली प्लांटच्या मॅनेजर झाल्या. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख त्या नंतर झाल्या, २००९मधे. तिथून उत्पादन विकासाकडे, आणि जानेवारी २०१४मधे मुख्य कार्यकारी अधिकारी. मनुष्यबळ विभागात त्याही गेल्या, पण प्लांट चालवून गेल्या आणि तिथे अडकल्या नाहीत.

राहिला साचा. रात्रपाळी हीच परीक्षा असावी असं मी म्हणत नाही. आज ती आहे आणि पेपर बदलेपर्यंत आपल्या मुली परीक्षेला बसूच नयेत, हे मला मान्य नाही. माझ्या प्लांटमधे मी थोडं बदललं आहे. बढतीच्या मुलाखतीत रात्रपाळीची वर्षं मोजत नाही, स्वतः घेतलेले आणि निस्तरलेले निर्णय विचारते. दिवसाही असे निर्णय देता येतात, साहेबांनी हात मागे घेतला तर.

पूलकरी

सरकारी बांधकाम खात्यातून लिहिते. पी. के. थ्रेसिया १९७१मधे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या, त्या पदावर पोचलेल्या देशातल्या पहिल्या बाई. खासगी कारखान्यांपेक्षा इतक्या आधी हे कसं झालं याचा मी विचार करते, तेव्हा मला नियमाने होणाऱ्या बदल्या आणि सेवाज्येष्ठता हे एक कारण वाटतं. माझी पाळी आली की उपविभागाचा चार्ज मलाच द्यावा लागतो. साहेबांना काळजी वाटली तरी त्यांना फार काही करता येत नाही. आमच्याकडेही "तुम्हाला कार्यालयातच ठेवू" म्हणणारे आहेत, पण त्यांना ते लेखी म्हणावं लागतं, आणि लेखी म्हणायला कचरतात.

हेल्पर_ते_सेटर

मी कामगार आहे, डाय सेटर, म्हणजे प्रेसवर डाय बसवणारा. साहेब मंडळी बोलत आहेत, आमचं पण ऐका. बाई साहेब म्हणून आली तर आम्ही पहिले दोनतीन आठवडे काय बघतो? पाळी बदलताना हँडओव्हरला येते का, की केबिनमधून वही मागवते. ओव्हरटाइम मंजूर म्हणाली तर महिनाअखेर तो पगारात दिसतो का. वरचा साहेब ओरडायला लागला की आमच्यावर ढकलते का. हेच पुरुष साहेबाचंही बघतो. यात पास झाली की आम्हाला बाकी काही घेणं नाही.

एक सांगतो, बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज आणि हातमोजे स्टोअरला नसतात. आमच्या मॅडम सैल मोजे घालून डायजवळ यायच्या, मलाच भीती वाटायची. सैल मोजा अडकला तर हात जातो. हे आम्हीच सेफ्टी कमिटीत मांडलं, मॅडमनी नाही. त्यांना वाटत होतं आपण मागितलं तर नखरे म्हणतील.

सांजपाळी

@हेल्पर_ते_सेटर, दादा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. मुलींनो, माप, चेंजिंग रूम, शॉपपासून स्वच्छतागृह किती लांब आहे, या सगळ्या गोष्टी उपकार म्हणून मागू नका. सेफ्टी आणि उत्पादनाचा मुद्दा म्हणून मांडा, कमिटीच्या इतिवृत्तात आणा. लाइन सोडून पंधरा मिनिटं चालत जावं लागत असेल, तर ते उत्पादनाचं नुकसान आहे आणि त्याचा हिशेब तुम्हाला करता येतो.

कोवळी_पालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल साहेबांशी बोलले. ताईंनी दिलेलं वाक्य जवळजवळ तसंच बोलले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुला प्लांट चालवायचा आहे हे तू कधी बोलली नाहीस." क्वालिटीत एक वर्ष, मग नव्या लाइनची पूर्ण जबाबदारी, असं ठरलं आहे. मेल टाकला, उत्तर अजून नाही आलं. आठवण करू का? की मागे लागल्यासारखं होईल?

सांजपाळी

कर. सोमवारी सकाळी, त्याच मेलला जोडून, "सर, आपली सोयीची तारीख कळवावी" एवढंच. आणि क्वालिटीत गेलीस तरी महिन्यातून एकदा तुझ्या लाइनच्या तिसऱ्या पाळीला जाऊन ये, रिजेक्शन रात्री का वाढतं ते तिथेच कळेल. नव्या लाइनची मशीन घेताना ट्रायलला तुला बसवा असंही आत्ताच सांगून ठेव. फिक्श्चर (नग पकडून ठेवायची चौकट), सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), टूल लाइफ (हत्यार किती टिकतं) हे ट्रायललाच ठरून जातं, नंतर आलेल्या माणसाच्या हातात फार काही उरत नाही.